वीर बाबूराव शेडमाके : बालपणीच्या संस्कारांतून घडलेला वनपुत्र

बालपणी मनावर जे कोरले जाते ते आयुष्यभर पुसले जात नाही, असे आपले पूर्वज मानत आले आहेत. ध्रुवाला सावत्र आईच्या बोलांनी अढळपदाची वाट दाखविली. प्रल्हादाने कोवळ्या वयातच भयाला ओळख दिली नाही. अरण्यात राहणाऱ्या एकलव्याने गुरूच्या मातीच्या मूर्तीसमोर बसून धनुर्विद्या साधली. या कथा पुराणांत आहेत. परंतु चांद्याच्या अरण्यप्रदेशानेही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी असाच एक वनपुत्र पाहिला. त्याचे नाव बाबूराव पुल्लेसूर शेडमाके. या भागात येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूने त्यांचे चरित्र जाणून घेणे उचित ठरेल.

जन्म व परिसर

बाबूराव यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे झाला. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात आहे. त्यांचे वडील पुल्लेसूर बापू हे मोलमपल्लीचे राजगोंड जमीनदार. आईचे नाव जुर्जाकुंवर. घराणे मानाचे होते. पण सभोवार साग, ऐन, मोह आणि बांबूचे घनदाट रान होते आणि त्या रानातील कष्टकरी माणसे हाच या घराण्याचा खरा परिवार होता. जमीनदाराचा मुलगा वाड्याच्या चार भिंतींत वाढला नाही, ही त्यांच्या चरित्रातील पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय.

गोटुलातील शाळा

गोंड समाजात गोटुल ही केवळ तरुणांची एकत्र जमण्याची जागा नाही. ती गावाची शाळा, सभागृह आणि संस्कारमंदिर होय. मोठी मुले लहानांना शिकवितात. गाणी, नृत्य, कुळांचा इतिहास, रानातील झाडापाल्याची माहिती, शिकारीचे नियम, गावकामात वाटा उचलण्याची सवय, हे सारे तेथे मिळते. बाबूरावांचे प्रारंभीचे शिक्षण अशा गोटुलातच झाले. तिरकमठा, लाठी, भाला आणि तलवार ही शस्त्रे त्यांनी लहानपणीच हाताळली. गोटुलात श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाचा मुलगा एकाच शेकोटीभोवती बसतो. पुढे शेकडो तरुण एका हाकेसरशी बाबूरावांमागे उभे राहिले, त्याचे मूळ या शेकोटीत होते.

गोंडी परंपरेत कचारगडच्या गुहेची कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कली कंकालीची तेहतीस बालके त्या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका करण्याचे ठरविले. हिरासुका पाटालीर या संगीतज्ञाने आपल्या वाद्याच्या स्वरांनी मुलांमध्ये बळ जागविले, गुहेच्या तोंडावरची प्रचंड शिळा हलली, मुले मुक्त झाली. मात्र हिरासुका स्वतः त्या शिळेखाली सापडून प्राणास मुकला. कोंडलेल्यांना सोडविणे हे पुण्यकर्म आहे आणि त्याचे मोल स्वतःच्या देहाने चुकवावे लागू शकते, हा या कथेचा बोध. ज्या समाजात हा बोध अंगाईसारखा कानी पडतो, त्या समाजातून बाबूराव आले होते.

रायपूरचे दिवस

पुढे वडिलांनी त्यांना इंग्रजी शिक्षणासाठी रायपूर येथे पाठविले. गोटुलातील मुलगा फळा आणि पुस्तकांच्या जगात गेला. तेथे त्याला इंग्रजांची भाषा आणि रीत जवळून कळली. शिक्षण आटोपून ते मोलमपल्लीस परतले. त्यांचा विवाह राजकुंवर यांच्याशी झाला आणि त्यांनी जमीनदारीचा कारभार हाती घेतला. एका शाळेने त्यांना आपली माणसे दिली, दुसऱ्या शाळेने परक्या सत्तेची ओळख दिली. या दोन्ही शिक्षणांचा उपयोग त्यांना लवकरच करावा लागला.

बालपणीचे धडे कसोटीला

चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदा प्रांतही कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. नवे कायदे, नवा कर आणि सावकारांचा जाच यांनी रानातील माणूस त्रस्त झाला. बाबूराव त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. इंग्रजी शिकलेल्या जमीनदाराला सरकारशी जुळवून घेऊन सुखाने राहणे अवघड नव्हते. त्यांनी ती वाट धरली नाही.

सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी सुमारे पाचशे तरुणांचे जंगोम दल उभारले. मार्च १८५८ मध्ये या दलाने राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज धाडली. नांदगाव-घोसरी येथे लढाई झाली आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही बाबूरावांना येऊन मिळाले. गढीसुर्लाच्या टेकडीवर वेढा पडला तेव्हा या वीरांनी वरून दगडांचा वर्षाव करून शत्रूला रोखले. रानाची खाच आणि खळगा ओळखणाऱ्या लेकरांपुढे कवायती फौज थिटी पडली.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडी येथे टेलिग्राफच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले, तर पीटर नावाचा तिसरा निसटला. यानंतर सरकारने बाबूरावांना पकडण्यासाठी सर्व बळ लावले. त्यांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले.

घरचा भेद

इंग्रजांच्या बंदुकांनी जे साधले नाही ते फितुरीने साधले. अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांच्यावर सरकारने दबाव आणला. त्यांच्या माणसांनी भोपालपट्टनम येथे बाबूरावांना पकडले, पण ते शिताफीने निसटले. १८ सप्टेंबर १८५८ रोजी मात्र ते पुन्हा हाती लागले आणि त्यांना चांद्यास नेण्यात आले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षे सात महिने होते.

व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांची अडपल्ली व घोट ही सदुसष्ट गावांची जमीनदारी लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून मिळाली. सदुसष्ट गावे मिळविणाऱ्यांची आठवण आज सरकारी दप्तरात आहे. सर्वस्व गमावणाऱ्याची आठवण गाण्यांत आणि घराघरांत आहे. मुलांना सांगण्याजोगा याहून मोठा धडा कोणता असू शकेल?

सूरजागड आणि आजचे स्मरण

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. सूरजागड पट्टीतील सत्तर गावांचे ते श्रद्धास्थान. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येथे यात्रा भरते. माडिया आणि गोंड बांधव दूरदूरच्या पाड्यांतून, तसेच शेजारच्या छत्तीसगडमधूनही येतात. ढोलांच्या गजरात रेला नृत्य होते आणि ठाकूरदेवाबरोबरच वीर बाबूरावांचेही स्मरण केले जाते. बाबूरावांचा या पहाडावर वावर होता, अशी येथील लोकांची दृढ श्रद्धा आहे. याच डोंगररांगेच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि गेल्या काही वर्षांत त्याचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर होत आहे. त्यामुळे देवाचा पहाड आणि वाडवडिलांची आठवण जपण्याची काळजी येथील ग्रामस्थांच्या मनात अधिकच दाटून आली आहे. यात्रेकरूंनी येथे येताना स्थानिक पेरमा व भूमिया यांचा मान राखावा, त्यांच्या पूजाविधीत ढवळाढवळ करू नये आणि पहाडावर कचरा टाकू नये.

चंद्रपूर येथे कारागृहाच्या आवारातील पिंपळाखाली दरवर्षी २१ ऑक्टोबरला हजारो आदिवासी बांधव श्रद्धांजली वाहण्यासाठी जमतात. भारतीय टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपली मुले-नातवंडे सोबत घेऊन येणाऱ्या भाविकांनी त्यांना हे चरित्र अवश्य सांगावे. मुलाला चांगली शाळा मिळावी ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते आणि ती योग्यच आहे. परंतु त्याला एखाद्या शेकोटीभोवती सर्वांच्या बरोबरीने बसण्याची संधीही मिळाली पाहिजे. पुस्तकातून ज्ञान येते, माणसांत बसून माया येते. ही दोन्ही ज्याला लहानपणी लाभली, त्या वनपुत्राला शतशः प्रणाम.