कारखाना सोडून डोंगरात

स्कॉटलंडच्या डनबार गावातून १८४९ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या जॉन म्यूर यांच्या वाट्याला प्रथम आली ती विस्कॉन्सिनच्या शेतावरील ढोरमेहनत. यंत्रांची त्यांना उपजत जाण होती. त्या वाटेने ते कदाचित मोठे कारखानदारही झाले असते. मात्र मार्च १८६७ मध्ये इंडियानापोलिसच्या कारखान्यात काम करताना कानस निसटून उजव्या डोळ्यात घुसली. पाठोपाठ डाव्या डोळ्यासमोरही अंधारी आली. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढल्यावर दृष्टी परतली आणि म्यूर यांनी कारखान्याला कायमचा रामराम ठोकला.

त्याच सप्टेंबरात केंटकीपासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे एक हजार मैल त्यांनी पायी तुडवले. तिथे हिवतापाने गाठले. तरीही १८६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरून ते योसेमिटीकडे चालतच निघाले. पुढच्या उन्हाळ्यात मेंढ्यांच्या कळपाबरोबर ते सिएरा नेवाडात चढले. पगार मेंढ्यांसाठी, लक्ष मात्र शिखरांकडे! कळपांनी ओरबाडलेली कुरणे पाहूनच त्यांची लेखणी पुढे धारदार झाली. १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले, १८९२ मध्ये सिएरा क्लब स्थापन झाला. याच दरीतून १८५१ मध्ये हुसकावलेल्या मूळ रहिवाशांविषयी मात्र त्यांचे सुरुवातीचे लेखन अनुदार होते, हेही नोंदवायला हवे.

अखेरची लढाई ते हरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी हेच हेची दरीत धरण बांधण्यास डिसेंबर १९१३ मध्ये कायद्याने मंजुरी मिळाली. त्यानंतर वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात न्यूमोनियाने म्यूर यांचे निधन झाले.