जालकातला तारा शोधणारे रघुनाथाचारी

आपल्या वर्ध्याहून दक्षिणेला जेमतेम सहा अंश वर येणाऱ्या जालक तारकासमूहातला एक रूपविकारी तारा चिंतामणी रघुनाथाचारींनी १८६७ मध्ये शोधला. मद्रास वेधशाळेत ते पॉगसनसाहेबांचे सहायक. हा तारा साधारण नऊ महिन्यांत फुगतो-आकसतो; मंद झाला की दुर्बिणीतही पटकन सापडत नाही. तेव्हा फोटो कुठले, सगळा हिशेब डोळ्यांचा! असे तारे धूळही सोडतात. धुळीवरून विखुरलेला प्रकाश ध्रुवीकृत होतो आणि तेजाबरोबर ध्रुवीकरणही बदलतं. ते मोजायची साधनं आचारींकडे नव्हतीच. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना फेलो केलं. १८७४ च्या शुक्र अधिक्रमणावर त्यांनी सामान्यांसाठी पुस्तिका लिहिली, देशी भाषेतसुद्धा. वेधशाळेचे प्रमुख मात्र ते कधी झाले नाहीत. १८८० मध्ये वारले.