थरथरणारी सळई

छताचा पंखा सावकाश फिरत असताना त्याची पाती मोजता येतात. वेग वाढला की पाती दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी एक धूसर तबकडी दिसते. पंख्याचा आकार तोच असतो, मर्यादा डोळ्यांची असते. दृष्टिपटलावरील प्रतिमेचा परिणाम क्षणभर टिकतो आणि पुढची प्रतिमा त्यात मिसळते. यालाच दृष्टिसातत्य म्हणतात. डोळ्यांची हीच उणीव हाताशी धरून शंभर वर्षांपूर्वी एका शिल्पकाराने रिकाम्या जागेत आकार उभा केला. त्यांचे नाव नाऊम गाबो.

गाबो यांचा जन्म १८९० मध्ये रशियात झाला. मूळ आडनाव पेव्झनर. १९१० मध्ये त्यांनी जर्मनीतील म्युनिक विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी प्रवेश घेतला. क्ष-किरणांचा शोध लावणारे राँटगेन तेव्हा तिथेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गाबो मात्र वैद्यकात रमले नाहीत. ते आधी निसर्गविज्ञानाकडे आणि १९१२ मध्ये अभियांत्रिकीकडे वळले. कलेच्या इतिहासावरील व्याख्यानांनाही ते जात. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते नॉर्वेत राहिले. तिथे प्लायवूड आणि पुठ्ठ्याचे तुकडे जोडून त्यांनी माणसांची डोकी घडवली. मोठे भाऊ आंत्वान पेव्झनर हेही कलावंत, तेव्हा नावांची गल्लत नको म्हणून त्यांनी ‘गाबो’ हे नाव घेतले.

१९१७ च्या क्रांतीनंतर ते मॉस्कोला परतले. देशात यादवी युद्ध आणि उपासमार होती. यंत्राचा साधा सुटा भाग मिळणेही कठीण होते. अशा टंचाईत १९१९-२० मध्ये त्यांनी एका छोट्या बैठकीवर धातूची सळई उभी केली आणि तिला खालून विजेच्या मोटरने कंपने दिली. सगळ्याची मिळून उंची जेमतेम ६२ सेंटिमीटर. मोटर बंद असताना दिसते ती फक्त एक सरळ सळई. मोटर सुरू झाली की सळईत स्थिर तरंग तयार होतो, म्हणजे काही बिंदू जवळपास जागेवरच राहतात आणि त्यांच्या मधला भाग जोराने डावीउजवीकडे हलतो. छेडलेल्या सतारीच्या तारेतही हेच घडते. या हालचाली डोळ्याला वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून तिथे एक पारदर्शक, फुगीर आकार दिसतो. त्याला आकारमान आहे, पण हात लावावा असे वस्तुमान नाही.

ऑगस्ट १९२० मध्ये गाबो आणि आंत्वान यांनी मॉस्कोत जाहीरनामा काढला. अवकाश आणि काळ हाच कलेचा पाया आहे, असा त्याचा गाभा होता. तरीही गाबो यांनी या सळईला परिपूर्ण शिल्प मानले नाही. त्यांच्या लेखी ते एका कल्पनेचे प्रात्यक्षिक होते. प्रयोग यशस्वी झाला म्हणून त्याचा निष्कर्ष फुगवायचा नाही, ही शिस्त त्यांच्यापाशी होती.

१९२२ मध्ये त्यांनी रशिया सोडला. बर्लिन, पॅरिस आणि इंग्लंड असा मुक्काम हलवत १९४६ मध्ये ते अमेरिकेत स्थिरावले. दरम्यान पारदर्शक प्लास्टिक आणि नायलॉनचे धागे त्यांनी शिल्पात आणले. यातले काही प्रयोग अंगाशी आले. सेल्युलोजपासून बनवलेले जुने प्लास्टिक काळानुसार आकसते आणि तडकते. त्यांची काही शिल्पे अशीच खराब झाली.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांचे फिरते कारंजे लंडनमध्ये बसवले गेले. गंज न चढणाऱ्या पोलादाचे वक्र पत्रे आणि त्यांच्या कडांतून उडणाऱ्या पाण्याच्या धारा अशी त्याची रचना आहे. ते इतके संथ फिरते की एका फेऱ्याला दहा मिनिटे लागतात. सळईची गती डोळ्याच्या आवाक्याबाहेरची होती. कारंज्याची गती कळायला मात्र थोडे थांबावे लागते. गाबो १९७७ मध्ये निवर्तले. वैद्यकाचा अभ्यास अर्ध्यावर सोडलेल्या या माणसाचे कारंजे थेम्स नदीकाठी उभे आहे, सेंट थॉमस रुग्णालयाच्या बागेत.