रविवारची सुटी

महात्मा फुले यांचे सहकारी कै. नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी चार शब्द लिहिते. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा बायामाणसे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबत. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, दुखापतीची भरपाई, एवढेच मागणे. मालक बधले नाहीत. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी दहा हजार कामगारांची सभा भरविली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या! मला याचेच फार कौतुक वाटते. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. (आपली चूल रविवारीही पेटतेच, ते असो.) लोखंडे १८९७ च्या प्लेगात वारले.