आगरकरांचं कॉलेज: जिथे मालक कुणीच नव्हता

कॉलेजात अभ्यासक्रम, वेळापत्रक, नेमणुका कोण ठरवतं? मॅनेजमेंट, असंच उत्तर आपल्या तोंडी येतं. पण पुण्यात १८८५ साली एक कॉलेज सुरू झालं, तिथे शिकवणारेच कारभारी होते. ते फर्ग्युसन. आणि ही पद्धत स्वतः जगून दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

जन्म १८५६चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी पडेल ते काम करावं लागलं. डेक्कन कॉलेजात टिळकांशी गट्टी जमली. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण आगरकरांनी आईला कळवलं, की आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून शिकवण्याचं काम करणार. १८८१ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. तिचा कणा म्हणजे आजीव सभासद. वीस वर्षं कमी पगारावर शिकवायचं आणि संस्थेचा रोजचा कारभारही मिळून चालवायचा. वाद झालाच, तर बहुमताने निकाल.

आणि वाद झालेच! पगार वाढवावा का? फावल्या वेळात सभासदाने बाहेरचं काम करावं का? टिळकांचं म्हणणं, त्याग म्हणजे पूर्ण त्याग. सगळा वेळ आणि शक्ती संस्थेचीच. आगरकरांना वाटे, शिकवण्याचं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यात समाजसुधारणेवरूनही दोघांचं फाटलेलं. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. सोसायटीत बहुमत टिळकांच्या विरोधात गेलं आणि १८९० मध्ये ते बाहेर पडले.

म्हणजे मतदानाने प्रश्न सुटला, पण जिवाभावाची दोस्ती गेली. सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे ऐकायला छान वाटतं. ज्या मित्रासोबत स्वप्न पाहिलं, त्याच्याच विरोधात हात वर करायची वेळ येते, तेव्हा त्याची किंमत कळते.

पण कॉलेज मोडलं नाही. टिळक गणित शिकवायचे. १८९१ मध्ये ते शिकवायला धोंडो केशव कर्वे आले. १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे गेले आणि ती खुर्ची आगरकरांकडे आली. बाहेर सनातनी मंडळी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढत होती, आत दम्याने छाती भरून यायची. तरी ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.