अंगणातले रंग

रंग पाठांतराने कळत नाहीत. ते हाताळावे, जुळवावे लागतात. माँटेसरी पद्धतीत त्यासाठी रंगीत पट्ट्यांच्या पेट्या असतात. मूल प्रथम तांबडा, पिवळा, निळा यांच्या जोड्या लावते, पुढे एकाच रंगाच्या छटा गडद ते फिकट अशा क्रमाने मांडते. प्रश्न होता तो या साहित्याच्या किमतीचा. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी तो टाळला नाही. राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. तरीही बालशिक्षण शहरी सुस्थितांपुरतेच राहिले. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीस आल्या. सोबतीस अनुताई वाघ. तेथे पाने, फुले, बिया, शंखशिंपले हेच साहित्य झाले. ते वेचावयास मुलांनीच धावायचे, रंगांप्रमाणे निवडायचेही त्यांनीच. खर्च जवळजवळ शून्य. (महागड्या पेट्या कुलपात जपणाऱ्या शाळांनी याची दखल घ्यावयास हवी होती.) मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि गुरांमागे हिंडणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी.