भुतांच्या दुनियेतला टेक्नॉलॉजिस्ट : नारायण धारप

मित्रांनो, लाईट गेल्यावर रूममध्ये मेणबत्ती लावून भुताच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, असा होस्टेलवाला विरळाच! पण मराठीत अशा गोष्टी ज्यांनी शंभराहून अधिक पुस्तकांतून घराघरात पोहोचवल्या, तो माणूस आपल्याच लाईनचा होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव नारायण गोपाळ धारप.

धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. मुंबई विद्यापीठातून त्यांनी केमिकल टेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. टेक. ही पदवी मिळवली. पुढे काही वर्षे ते आफ्रिकेत होते. भारतात परत आल्यावर मात्र त्यांनी लेखणी हातात धरली ती कायमचीच. गूढकथा, भयकथा, विज्ञानकथा असं सगळं त्यांनी लिहिलं. ‘नेनचिम’ सारखी विज्ञान कादंबरी लिहिणारा आणि ‘चेटकीण’ लिहिणारा लेखक एकच आहे, हे आधी खरंच वाटत नाही.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं पात्र म्हणजे ‘समर्थ’. एखाद्या घरात किंवा वाड्यात काहीतरी अभद्र घडू लागतं, माणसं हवालदिल होतात आणि शेवटी समर्थांकडे येतात. सोबत त्यांचे शिष्य अप्पा जोशी असतातच. शेरलॉक होम्सला जसा वॉटसन, तसे समर्थांना अप्पा! ‘समर्थांना हाक’, ‘समर्थांचिया सेवका’ अशी एकामागून एक पुस्तकं येत गेली आणि वाचक पुढच्या भागाची वाट बघत राहिले. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ मध्ये आलं. त्याच्या कितीतरी आधी मराठीत चांगल्या-वाईट शक्तींच्या लढाईची अशी मालिका होती. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना हॅरी आधी भेटतो आणि समर्थ फार उशिरा, एवढंच.

या मालिकेची खरी गंमत तिच्या मिश्रणात आहे. मंत्र आहे, ध्यान आहे, साधना आहे. पण त्याच्याच शेजारी ऊर्जा आहे, दुसऱ्या मिती आहेत. आपले डोळे प्रकाशाच्या वर्णपटाचा अगदी छोटा पट्टा बघतात, हे आपण फिजिक्समध्ये शिकतो. मग जे दिसत नाही तिथे काय असेल? धारप या प्रश्नात शिरतात आणि आपल्याला घाबरवतात. त्यांची भुतंसुद्धा पिंपळावरची नसतात, कधी कधी ती पार विश्वाबाहेरून आलेली असतात. समर्थांशिवाय कृष्णचंद्र, जयदेव, पंत असे नायकही त्यांनी उभे केले.

त्यांचं सगळंच स्वतंत्र होतं असं नाही. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्यांवर अमेरिकन लेखक स्टीफन किंगची दाट छाया आहे. पण वातावरण, घरं, नाती मात्र अस्सल मराठी. त्यांच्या गोष्टींचा प्रवास पुढेही चालू राहिला. राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आपल्या विदर्भातच, एका मित्राने धारपांची गोष्ट सांगितली. तिचं बीज मनात राहिलं आणि २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा सिनेमा आला.

आता एक अवघड प्रश्न. आपण सायन्सवाले, मग मंत्रतंत्राच्या या गोष्टी वाचायच्या का? आमच्या उमरखेडकडे हा प्रश्न नुसता वादविवाद स्पर्धेचा नाही. कापसाच्या, सोयाबीनच्या शेतात साप चावला की अजूनही कोणीतरी आधी मांत्रिकाचं नाव काढतो, आणि दवाखान्यात इंजेक्शन मिळायला जो उशीर होतो त्यात माणूस जातो. २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो उगाच नाही. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी जीव गमवावा लागला.

मला वाटतं, उत्तर सोपं आहे. पुस्तकातले समर्थ पुस्तकातच ठेवायचे. कथा ही कथा म्हणून वाचणाऱ्याला भीतीची मजा कळते आणि पान मिटल्यावर ती भीती तिथेच सोडताही येते. खऱ्या आयुष्यात जो स्वतःला समर्थ म्हणवून घेतो आणि पैसे मागतो, त्याच्यापासून मात्र चार हात लांबच राहिलेलं बरं!

धारप १८ ऑगस्ट २००८ रोजी गेले. तोपर्यंत त्यांच्या पुस्तकांची पानं भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांमधून पार झिजली होती. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, वाचकांनी मात्र त्यांना कधी सोडलं नाही. २७ ऑगस्ट २०२५ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या गडबडीतून एक रात्र काढा आणि धारप वाचा. फक्त रूम पार्टनर गावी गेलेला असताना नको!